डोंगरातल्या मुलांबरोबर शिबिर सुरू करताना: नव्या ताई-दादांसाठी

पावसाळा सरायला लागला की दरवर्षी विशी-पंचविशीतली दोन-चार मुलंमुली भेटायला येतात. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड करून झालेले असतात, आणि आता वाटेत दिसणाऱ्या वस्त्यांवरच्या मुलांसाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटत असतं. त्यांच्याशी जे बोलतो ते इथे सविस्तर लिहितो आहे. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे वेल्हे (आता राजगड तालुका), भोर, मुळशी, मावळ, आंबेगाव आणि जुन्नरच्या डोंगरात, बारा ते सतरा वयाच्या मुलामुलींबरोबर मैदानी उपक्रम आणि जीवनकौशल्यांचं काम सुरू करायचं असेल तर हे उपयोगी पडेल.

सुरुवातीला एक प्रसंग सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

माझं पहिलंवहिलं शिबिर. कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट होती. पुढे चाललेली आठवीतली मुलगी एकदम थांबली आणि मागे हात करून तिने सगळ्यांना खाली बसवलं. वर कपारीत आग्या मोहळाची तीन-चार पोळी लोंबत होती. मला ती दिसलीही नव्हती. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, तुमच्या अंगाला वास येतोय." मी सकाळी डिओ मारला होता. तिने कुणालाही बोलू न देता आम्हाला तसंच मागे फिरवलं आणि वरच्या ढोरवाटेने पलीकडे काढलं. चौदा माणसं होती. संध्याकाळी गोलात बसल्यावर मी तिला विचारलं, "आज तू काय केलंस?" ती म्हणाली, "काय नाय, चालले."

त्याच मुलीला पुढे दाखल्यासाठी तहसील कार्यालयात जावं लागलं, तेव्हा खिडकीपाशी उभं राहून तिच्या तोंडून शब्द फुटेना. धोका ओळखणं, क्षणात निर्णय घेणं, दहा-पंधरा जणांना सांभाळणं हे तिला येत होतं. पण आपल्याला हे येतं याची तिला जाणीव नव्हती, आणि डोंगराखाली उतरल्यावर ते कुठे वापरायचं हे कुणी दाखवलं नव्हतं. आपलं काम इतकंच आहे: डोंगरात जे आहे त्याला नाव द्यायचं आणि ते खाली बाजारात, कचेरीत, कॉलेजात न्यायला सोबत करायची. या मुलांना आपण डोंगर शिकवायचा नसतो. तो त्यांच्या अंगणात आहे.

गाव ठरवणं

एकच गाव घ्या. दोन नकोत. आपल्या घरापासून तीन तासांत पोहोचता येईल असं घ्या, कारण तुम्हाला तिथे वर्षातून दहा वेळा जायचं आहे. स्वारगेटहून वेल्हे-भोरकडे, शिवाजीनगरहून जुन्नर-घोडेगावकडे एसटी जाते. शक्यतो एसटीनेच जा. गावातली माणसं त्याच गाडीत असतात आणि निम्मी ओळख गाडीतच होते. पानशेत-वरसगावच्या धरणांमागच्या काही वस्त्यांवर जायला मात्र लांबचा वळसा घ्यावा लागतो. पुण्याच्या नळाला येणारं पाणी ज्यांच्या शेतांवर साठलंय, त्यांच्या गावात गाडी मात्र धड पोहोचत नाही. तिथे जाताना हे मनात असू द्या.

पहिल्या तीन फेऱ्यांत कोणताही उपक्रम घ्यायचा नाही. फक्त जायचं, बसायचं, कोरा चहा प्यायचा. सरपंच किंवा ग्रामपंचायत सदस्य, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी, अंगणवाडीताई, आशाताई, बचत गटातल्या बायका यांना भेटायचं. "मुलांसाठी काय करू?" असं विचारलं तर लोक पाहुण्याला बरं वाटेल असं उत्तर देतात. त्यापेक्षा विचारा: सातवीनंतर मुली शाळेला कशा जातात? गेल्या वर्षी गावातून कोण बाहेर शिकायला गेलं? गेलेलं कोण परत आलं, आणि का? या तीन प्रश्नांतून गाव समजायला लागतं.

सगळ्यांना सरसकट 'आदिवासी' म्हणून मोकळं होऊ नका. जुन्नर-आंबेगावात महादेव कोळी आणि ठाकर, वेल्हे-मुळशी-मावळात कातकरी, घाटमाथ्यावर गवळी धनगर. प्रत्येकाचं जगणं वेगळं, गाऱ्हाणं वेगळं. कातकरी वस्ती बऱ्याचदा गावापासून अंतर राखून असते. तुम्ही शिबिर देवळाच्या सभामंडपात ठेवलंत तर ती मुलं येतीलच असं नाही, आणि का आली नाहीत हे तुम्हाला कुणी सांगणारही नाही. जागा ठरवण्याआधी त्यांच्या वस्तीवर जाऊन विचारा.

तारीख

या बाबतीत माझी मोठी चूक झाली होती. आम्ही पहिल्या वर्षी दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार धरला. थंडी छान, आकाश स्वच्छ, आमच्या नोकऱ्यांना सुट्टी. तीस मुलांची नावं लिहून आणली होती, आली तेरा. उरलेली मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला गेली होती. कातकरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या मुलांसाठी हे सगळं मांडलं होतं, नेमकी तीच नव्हती. त्या दिवशी रिकाम्या सतरंज्या गुंडाळताना फार वाईट वाटलं होतं.

म्हणून कॅलेंडर गावाचं धरा. जून-जुलैत भातलावणी, तेव्हा मुलांना बोलावू नका. उलट तुम्ही चिखलात उतरा, त्याने जेवढी ओळख होते तेवढी दहा बैठकांनी होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. आंबेगाव-जुन्नरकडे हिरडा गोळा करायच्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस रानात असतं. चैत्रात जत्रा. मार्च ते मे मुलींच्या डोक्यावर पाण्याचा हंडा असतो. उन्हाळ्यात मुलीला शिबिराला बोलावणं म्हणजे तिच्या आईला तिच्या वाटच्या खेपा घालायला लावणं. राहता राहिले दोन काळ: पोळा ते दसरा या दरम्यान पावसाची उघडीप, आणि डिसेंबर-जानेवारी. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी पहिला काळ धरा, इतरांसाठी दुसरा. भट्टी पुण्याच्या आसपासच असेल तर तिथे जाऊन रविवारचे दोन तास घेता येतात. मालकाशी नीट बोलून जा.

ऐन पावसाळ्यात मुक्कामी शिबिर नकोच. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. या पट्ट्यात काम करणाऱ्याने ती तारीख विसरू नये.

परवानग्या आणि मुलांची सुरक्षितता

ग्रामपंचायतीला पत्र, मुख्याध्यापकांना पत्र, प्रत्येक पालकाची सही किंवा अंगठा. आश्रमशाळेतली मुलं असतील तर घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून रीतसर परवानगी. वनखात्याच्या हद्दीत, भीमाशंकर किंवा ताम्हिणी अभयारण्यात जाणार असाल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी संमती. पालकांना संमतिपत्र वाचून दाखवा. नुसता कागद पुढे सरकवून सही घेऊ नका.

मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी. मी हे करून घेतलं आहे आणि यात कुणाचाही अपमान नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 2012 चा आहे. त्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. "गावातलं प्रकरण गावात मिटवू" हा मार्ग तुमच्यासाठी बंद आहे. शिबिराच्या पहिल्या तासात मुलांकडून 1098 हा बाल मदतवाहिनीचा नंबर पाठ करून घ्या. कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत किंवा आडबाजूला एकटा राहणार नाही, मुलींच्या मुक्कामाला दोन ताया असतीलच, आणि मुलांचे फोटो पालकांच्या संमतीशिवाय स्टेटसला जाणार नाहीत. हे तीन नियम मोडणारा कार्यकर्ता कितीही चांगला गिर्यारोहक असला तरी मी त्याला घरी पाठवतो.

मुलींच्या आयांशी वेगळी बैठक घ्या. पाळीच्या दिवसांत काय सोय आहे, संडास कुठे आहे, झोपायची जागा आतून लावता येते का, हे त्या विचारणार नाहीत. तुम्ही आपणहून दाखवा. आमच्याकडे मुलींची संख्या वाढली ती एका ताईने आयांना झोपायची खोली दाखवून आतली कडी लावून दाखवली तेव्हापासून.

पहिलं शिबिर: दोन दिवस, एक मुक्काम

वीस मुलं, पाच मोठे. यापेक्षा जास्त नको.

सकाळची चाल मुलांनी न्यायची. वाट ती ठरवतील, थांबे ती ठरवतील. सगळ्यात पुढे एक मूल, सगळ्यात मागे एक मूल, मोठी माणसं मध्ये. मागच्या मुलाला सांगायचं की तुझ्या मागे कुणी उरता कामा नये. ती जबाबदारी गप्प राहणाऱ्या मुलाला द्या आणि त्याच्यात काय बदल होतो ते पाहा. वाटेत तुम्ही विचारायचं: हे झाड कशाला लागतं, पाणी कुठे टिकतं, बिबट्याची ये-जा कुठून आहे, कुठली वाट पावसात बंद होते.

परत आल्यावर शाळेच्या ओट्यावर खडूने किंवा रांगोळीने गावाचा नकाशा. हा उपक्रम मला सगळ्यात आवडतो. मुलं आधी देऊळ काढतात, मग शाळा. नंतर हळूहळू ओढा, टाकं, खिंड, कुणाचं खाचर, कुठे साप निघाला, कुठे भुताची भीती वाटते ते. एका मुलीने शाळेच्या वाटेवर एका वळणापाशी काळा गोल काढला आणि काही बोलली नाही. दुपारी ताईने तिच्याशी बोलून घेतलं. तिथे दारू पिऊन बसणारी माणसं मुलींना हटकत होती. त्यानंतर मुलींनी एकत्र जायचं ठरवलं आणि आशाताईंनी ग्रामसभेत विषय काढला. नकाशावर असं काही दिसलं तर तिथेच सगळ्यांसमोर विचारू नका.

दुपारी हाताची कामं: दोन बांबू आणि दोन शर्टांचं स्ट्रेचर, त्यावर खरं माणूस घालून चढ चढणं, मुरगळलेल्या पायाला पट्टी, एक लिटर स्वच्छ पाण्यात ओआरएसचं एक पाकीट. गाठी शिकवायला जाल तर आधी त्यांना विचारा. गुरं बांधणाऱ्या पोरांना सुटणारी आणि न सुटणारी गाठ तुमच्यापेक्षा चांगली येते. त्यांची गाठ तुम्ही शिका, मग तुमची त्यांना दाखवा.

रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणं) वगैरे पहिल्या वर्षी करूच नका. मुलांना मजा येते हे खरं, पण प्रशिक्षित माणूस, तपासलेला दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) आणि वेगळा बिले (पडलाच तर रोखून धरणारा दुसरा दोर) नसेल तर तो जिवाशी खेळ आहे. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये साहसी उपक्रमांसाठी धोरण आणि सुरक्षा नियम आणले आहेत. ते वाचा, आणि दोराचं काम अनुभवी गिर्यारोहण संस्थेला बरोबर घेऊनच करा.

स्वयंपाक मुलामुलींनी मिळून. मुलगे भाकरी थापतील, मुली चुलीसाठी लाकडं फोडतील. पुण्याहून पाकिटातलं खाणं नेऊ नका. तिथली नाचणी, तिथला तांदूळ, तिथली रानभाजी बचत गटाकडून विकत घ्या आणि पैसे रोख द्या.

संध्याकाळचा गोल

दिवसभर जे केलं त्यावर बोलल्याशिवाय शिबिर म्हणजे सहल. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्त हान यांनी 1941 मध्ये वेल्समध्ये ॲबरडोव्ही इथे तरुण खलाशांसाठी 'आउटवर्ड बाउंड' नावाची शाळा काढली, तेव्हापासून जगभरच्या अशा कार्यक्रमांनी खडतर अनुभवातून माणूस घडवायचा मार्ग धरला. आपल्याकडे त्यात बोलण्याची बाजू कच्ची राहते. आपण दमतो, जेवतो, झोपतो.

जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्यं सांगितली आहेत: स्व-जाणीव, समानुभूती, समस्या निराकरण, निर्णयक्षमता, परिणामकारक संप्रेषण, व्यक्तींमधले सहसंबंध, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, भावनांचं आणि ताणतणावांचं समायोजन. ही यादी तुमच्या डोक्यात असू द्या, फळ्यावर लिहू नका. मुलांना प्रश्न विचारा: आज कुठे घाबरलात? मग काय केलं? कुणाचं ऐकलं, कुणाचं नाही? कुणाला थांबावंसं वाटत होतं पण तसं बोलता आलं नाही? उत्तर आलं की त्याच्याच शब्दांत त्याला दाखवून द्या: "तू थांबलास, पाहिलंस, मग दुसरी वाट काढलीस. हा निर्णय होता." आग्या मोहळापाशी थांबलेल्या मुलीला हे मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आईपण असंच करते."

काहीच बोलत नसतील तर शांत बसा. शहरातल्या माणसाला दोन मिनिटांची शांतता सोसत नाही आणि तो स्वतःच बोलायला लागतो. हे टाळा. बोलायचं नसेल त्याला चित्र काढू द्या.

उलटी सफर: एक दिवस पुण्यात

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुलांना पुण्यात आणा. सारसबाग आणि शनिवारवाडा दाखवायला नव्हे. चार-चार मुलांचे गट करा, प्रत्येकाला काम द्या: स्वारगेटला चौकशी खिडकीवर परतीच्या गाडीची वेळ विचारून या; पीएमपीच्या बसने औंधच्या आयटीआयला जा आणि प्रवेशाला कोणती कागदपत्रं लागतात ते लिहून आणा; बँकेत जाऊन पैसे भरायची स्लिप भरा; सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायची रांग शोधा. कार्यकर्ता दहा पावलं मागे राहील, बोलणार नाही. रस्ता चुकला तरी लगेच सांगणार नाही.

एका मुलाला चौकशी खिडकीवर तीनदा परत पाठवलं गेलं, कारण आवाज आतपर्यंत पोहोचतच नव्हता. चौथ्यांदा तो खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला आणि डोंगरात गुरांना हाक मारतो तेवढ्या आवाजात विचारलं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्याला वेळ कळली. रात्रीच्या गोलात त्याने हे तीनदा सांगितलं.

गावी परतल्यावर कागदांची बैठक घ्या: आधार, जातीचा दाखला, बँक खातं, शाळा सोडल्याचा दाखला. कुणाचा कोणता कागद नाही त्याची यादी करा. मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. तो सगळ्यांनी काढला आहे का ते बघा. मुलीचं लग्न अठराच्या आत होत असेल तर ते कायद्याने गुन्हा आहे हेही मुलामुलींना याच बैठकीत सांगा.

2025 मध्ये राजगड, लोहगड आणि शिवनेरी जागतिक वारशाच्या यादीत गेले. किल्ल्यांच्या पायथ्याशी आता गर्दी आणखी वाढते आहे. तिथल्या मुलांना पर्यटकांशी दाम ठरवून बोलणं, वाटाड्याचं काम करणं आणि नको तिथे ठामपणे नाही म्हणणं शिकवायला हवं. सरबत विकणाऱ्या मुलाची शाळा शनिवारी बुडते का, हेही पाहावं लागतं.

दुखापत, साप, विंचू, वीज

निघण्याआधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय स्वतः जाऊन बघा. सर्पदंशावरचं प्रतिविष आज शिल्लक आहे का ते विचारा. रात्री डॉक्टर असतात का ते विचारा. रुग्णवाहिकेच्या 108 ला फोन कुठून लागतो, म्हणजे रेंज कुठल्या दगडावर येते, हे मुलांना माहीत असतं. एक जीप रात्रभर गावात उभी ठेवा. एका वर्षी ठरवलेल्या गाडीवाल्याने ऐन वेळी फोन बंद ठेवला आणि तापाने फणफणलेल्या मुलाला आम्ही मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून खाली आणलं. तेव्हापासून मी आगाऊ पैसे देऊन गाडी समोर उभी करून घेतो.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं: चारही या पट्ट्यात आहेत. चावला तर माणसाला आडवं करा, धीर द्या, तो अवयव काठीला बांधून हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा आणि दवाखान्यात न्या. आवळून बांधणं, कापणं, चोखणं, देवऋषी, यातलं काही नाही. मण्यारीचा दंश झोपेत कळतही नाही, म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यांना मच्छरदाणी गादीखाली खोचून द्या. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून पुष्कळ मुलं वाचली, पण त्यासाठी वेळेत डॉक्टर गाठावा लागतो. घाम सुटला, उलट्या झाल्या, हात-पाय गार पडले तर एक मिनिट थांबू नका.

आग्या मोहळाच्या कड्याखाली अत्तर, धूर, आरडाओरडा नको. ढगांचा गडगडाट ऐकू आला की माथा आणि डोंगराची सोंड सोडून खाली, एकट्या झाडाखाली नाही.

परत जाणं

शिबिर संपल्यावर भेटवस्तू वाटू नका. वह्या-दप्तरं वाटली की पुढच्या वेळी मुलं त्यासाठी येतात आणि ज्याला मिळालं नाही तो रुसतो. सामान लागणारच: प्रथमोपचार पेटी, दोन पातेली, सतरंज्या, हेडटॉर्च, खडू. ते गावातच शाळेच्या कपाटात ठेवा आणि किल्ली मुलांच्या गटाकडे द्या. हिशेब त्यांनी लिहायचा.

दुसऱ्या वर्षी पंधरा-सोळाची दोन मुलं आणि दोन मुली निवडा. पुढचं शिबिर त्यांनी घ्यायचं, तुम्ही मदतीला. त्यांची बैठक नीट होणार नाही, वेळापत्रक कोलमडेल, भात करपेल. मध्ये पडू नका. आग्या मोहळाची ती मुलगी आता बारावी झाली आहे आणि तिच्या वस्तीवरच्या लहान मुलांची चाल तीच नेते. सगळ्यात मागे कोण राहणार हे ती आधी ठरवते.

एसटीत बसायच्या आधी शाळेच्या फळ्यावर पुढच्या भेटीची तारीख आणि वार लिहा. मुलांसमोर लिहा, मोठ्या अक्षरात. आणि त्या दिवशी, ऑफिसात काहीही असो, त्या गाडीत बसा.